बदललेल्या गुडघ्यातून लस येते, गोळ्यांनी थांबते, परत येते. असं का?

सायली_के
नमस्कार मंडळी. खूप दिवसांनी लिहितेय आणि तेही अडचण आली म्हणून, राग मानू नका. आईचा उजवा गुडघा बदलला त्याला चौदा महिने झाले. वय ७१, शुगर आहे पण बऱ्यापैकी ताब्यात. पहिले दहा महिने मस्त गेले, जिना चढायची, एकटी फिरायला जायची. मग एक दिवस व्रणाच्या खालच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढा फोड आला. फुटला, थोडी पिवळसर लस आली, नेहमीच्या डॉक्टरांनी पाच दिवसांचं ॲन्टिबायोटिक दिलं, सुकला. आम्ही विसरून गेलो. तीन आठवड्यांनी परत तिथेच. परत गोळ्या, परत सुकला. आता ही तिसरी वेळ. ताप नाही, गुडघा लाल नाही, दुखतो थोडा पण "आधीच्या दुखण्यापुढे हे काहीच नाही" असं तीच म्हणते. रोज सकाळी पट्टी काढली की बोळ्यावर नखाएवढा डाग असतो, बस एवढंच.

काल ऑपरेशन केलेल्या सर्जनकडे गेलो. त्यांनी ते छिद्र बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला. म्हणाले गोळ्या आजपासून बंद, दोन आठवड्यांनी सांध्यातलं पाणी काढून तपासू, बहुतेक स्टॅफ नावाचा जंतू असेल, आणि मनाची तयारी ठेवा, सांधा काढावा लागू शकतो. मला दोन गोष्टी कळेनात. नखाएवढ्या डागासाठी अख्खा सांधा काढायचा? आणि लस येत असताना औषध बंद कसं करायचं? रात्रभर झोप नाही. कुणी यातून गेलं असेल किंवा जाणकार असतील तर प्लीज लिहा.

मनमोकळा
सायली, आधी आईंना लवकर बरं वाटो. पण स्पष्ट लिहितो, सांध्यात जंतू गेले म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्येच काहीतरी गडबड झाली असणार. चौदा महिन्यांनी सांधा काढायचा म्हणतात म्हणजे दुसरं मत घ्याच. गोळ्यांनी जर दोनदा सुकलंय तर तिसऱ्यांदा जरा जास्त दिवस देऊन बघायला काय हरकत आहे? एकवीस दिवस द्या की.

थिएटर_सिस्टर
मी बावीस वर्षं हाडांच्या थिएटरमध्ये काम केलंय. सायली, तुझ्या सर्जनचा चेहरा का उतरला ते मला कळतं. आत धातू आहे आणि वरच्या कातडीला पडलेलं छिद्र बंद होत नाही, सारखं वाहतं, तर ते वरवरचं गळू नसतं गं, ती आतून बाहेर आलेली वाट असते. आपल्याकडे जुने लोक नासूर म्हणतात ना, तेच. २०११ साली सांध्याच्या इन्फेक्शनची व्याख्या ठरवली गेली तेव्हा त्यात हे ठळकपणे लिहिलं गेलं, सांध्यापर्यंत पोचणारं वाहतं तोंड असेल तर निदान झालंच, बाकी रिपोर्ट काहीही येऊ देत. ताप नसला तरी. लाली नसली तरी. म्हणून तो नखाएवढा डाग लहान समजू नकोस.

मनमोकळा, एकवीस दिवसांच्या गोळ्यांबद्दल: मी असे पेशंट बघितलेत ज्यांनी वर्षभर पाच-पाच, सात-सात दिवसांचे कोर्स केले. प्रत्येक वेळी तोंड सुकायचं आणि सगळे खूश. आत हाड झिजत होतं. शेवटी उघडलं तेव्हा बसवलेला सांधाच हाताने हलवला तरी हलत होता. तो उशीर कुणाचाच गुन्हा नव्हता, पण झालेलं नुकसान भरून आलं नाही.

पेट्रीडिश
सिस्टर ताईंना अनुमोदन. मी प्रयोगशाळेत असते, पेशंट दिसत नाहीत, त्यांचे नमुने दिसतात. सायलीचे दोन्ही प्रश्न एकाच गोष्टीशी येऊन थांबतात म्हणून जरा सविस्तर लिहिते.

स्टॅफ म्हणजे स्टॅफिलोकॉकस. ॲबर्डीनचे सर्जन अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी १८८० च्या सुमारास गळवांमधला पू सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तेव्हा त्यांना गोल गोल जंतूंचे घोस दिसले, द्राक्षांच्या घोसासारखे, त्यावरून हे नाव. आजही काचपट्टी रंगवून बघितली की तेच घोस दिसतात, जांभळे. यातले दोन आपल्या कामाचे. एक ऑरियस, तापट, पू करणारा, बऱ्याच लोकांच्या नाकात मुक्काम ठोकून असतो. दुसरा एपिडर्मिडिस, प्रत्येकाच्या कातडीवर जन्मभर असतो, तुमच्या माझ्या सगळ्यांच्या, एरवी कुणाला त्रास देत नाही. पण शरीरात प्लास्टिक किंवा धातू बसवला की हाच गरीब जंतू तिथे घर करतो.

घर म्हणजे काय, तर पाण्याच्या टाकीच्या आतल्या बाजूला बुळबुळ धरते ना, बोट फिरवलं की कळते, नुसतं पाणी ओतून जात नाही, ब्रशने घासावी लागते. अगदी तसंच. जंतू धातूला चिकटतो, भोवती चिकट साखरेसारख्या पदार्थाचा थर तयार करतो आणि त्या थरात त्याची वस्ती बसते. याला बायोफिल्म म्हणतात. थराच्या तळाशी जंतू जवळजवळ झोपलेले असतात, वाढतच नाहीत, आणि आपली बहुतेक ॲन्टिबायोटिक्स वाढणाऱ्या जंतूलाच मारतात. म्हणजे गोळी घेतली की थरातून सुटून बाहेर भटकणारे मरतात, लस थांबते, तोंड सुकतं. गोळी संपली की तळातले उठतात. तीन आठवड्यांनी परत तिथेच. तुझ्या आईचं तंतोतंत हेच चाललंय.

निनाद_प
पेट्रीडिश, ही टाकीची बुळबुळ एकदम डोक्यात बसली. पण एक शंका. आपल्या पांढऱ्या पेशी कुठे जातात? बाकी शरीरात तर त्या असले जंतू चटकन खातात. मग धातूवरच हात का टेकतात?

पेट्रीडिश
@निनाद_प, छान प्रश्न. धातूला रक्तवाहिन्या नाहीत. पेशींना तिथे पोचायला वाटच कमी, आणि पोचल्या तरी परक्या पृष्ठभागाशी झटापट करून त्या दमतात, त्यांची मारण्याची ताकद कमी होते. १९५७ साली इलेक आणि कोनेन या दोघांनी स्वयंसेवकांवर प्रयोग केला होता. नुसत्या कातडीखाली ऑरियस टोचला तर पू व्हायला लाखो जंतू लागायचे. तिथे रेशमी टाक्याचा एक धागा ठेवला की काही शेकड्यांतच पू. एक धागा फक्त! आणि इथे तर अख्खा सांधा आहे.

मनमोकळा
बायोफिल्मचं पटलं. तरी माझा मुद्दा राहतोच. जंतू आत गेलाच कसा? थिएटर स्वच्छ असतं तर गेला असता का?

थिएटर_सिस्टर
भाऊ, तुमचा राग समजतो आणि तो अगदीच चुकीचाही नाही. थिएटरची शिस्त हा मोठा भाग आहे. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६० च्या दशकात खुब्याचे सांधे बसवायला सुरुवात केली तेव्हा त्यांच्याकडे सुरुवातीला दर शंभरात सात-आठ सांधे पिकत होते. माणूस हटला नाही. गाळलेली हवा सोडणारी बंदिस्त खोली बनवली, अंगभर झाकणारे गाऊन आणले, आणि हळूहळू तो आकडा एकाच्या आसपास आणला. आज चांगल्या ठिकाणी पहिल्यांदा बदललेल्या गुडघ्या-खुब्यांमध्ये शंभरात एक ते दोन इतकं प्रमाण असतं. शून्य कुठेच नाही. कारण जंतू बहुतेक वेळा पेशंटच्याच कातडीवरून किंवा नाकातून येतो, कातडी कितीही घासली तरी केसांच्या मुळाशी काही उरतातच.

आमच्या हातात जे असतं ते सांगते, म्हणजे पुढे कुणाचं ऑपरेशन असेल तर विचारता येईल. चिरा देण्याआधीच्या एका तासात ॲन्टिबायोटिकचं इंजेक्शन जायला हवं, चिरा दिल्यावर नाही. केस काढायचे तर मशीनने, आदल्या रात्री घरी रेझर फिरवून येऊ नका, रेझरचे बारीक ओरखडे म्हणजे जंतूंना पाटच. थिएटरचं दार सारखं उघडझाप नको. मी दारावर चिठ्ठी लावायचे, "आत सांधा चालू आहे, बाहेर थांबा", आणि मोठ्या डॉक्टरांनाही थांबवायचे.

ऋता
नाकाबद्दल वाचून आठवलं, माझ्या बाबांना खुब्याच्या ऑपरेशनआधी नाकाची तपासणी करायला लावली होती आणि मग पाच दिवस नाकात मलम आणि अंगाला औषधी साबण. आम्हाला तेव्हा ते भलतंच वाटलं होतं. खुब्याचा आणि नाकाचा काय संबंध!

पेट्रीडिश
@ऋता, संबंध आहे तो असा. दर तीन-चार माणसांत एकाच्या नाकात ऑरियस असतो. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा लोकांना नाकात म्युपिरोसिन मलम आणि अंगाला क्लोरहेक्सिडिनचा औषधी साबण दिला. हॉस्पिटलात असताना होणारं ऑरियसचं इन्फेक्शन ७.७ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर आलं. तुमच्या बाबांच्या डॉक्टरांनी उत्तम केलं.

आबा_नाडी७२
वाचतोय सगळं. माझा गुडघा शाबूत आहे पण छातीत पेसमेकर आहे, नऊ वर्षं झाली, गेल्या वर्षी बॅटरी बदलली. थोडं अवांतर पण मला हा इतिहास फार आवडतो म्हणून लिहितो. शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर १९५८ च्या ऑक्टोबरात स्टॉकहोममध्ये बसवला. सर्जन ओके सेनिंग, यंत्र बनवणारे इंजिनिअर रूने एल्मक्विस्ट, पेशंट आर्ने लार्सन, वय ४३. दिवसातून कितीतरी वेळा शुद्ध हरपायची. बायकोने दोघांच्या मागे लागून लागून ते यंत्र करवून घेतलं. पहिलं यंत्र काही तासांतच बंद पडलं! पण लार्सन पुढे २००१ पर्यंत जगले, वीसहून जास्त पेसमेकर बदलले, आणि सेनिंग व एल्मक्विस्ट या दोघांच्याही नंतर गेले.

बॅटरी बदलल्यापासून माझ्याही कातडीचा प्रश्न आहे म्हणून धागा जास्त लक्ष देऊन वाचला. पेसमेकरच्या वरच्या कोपऱ्यावर कातडी पातळ आणि चकचकीत झालीय, जरा लालसर, गेल्या आठवड्यापासून एका ठिकाणी खपली धरते आणि पडते. ताप नाही, दुखत नाही. मुलगा मलम आणून देतो, ते लावतोय. वयामुळे कातडी पातळ होतेच म्हणा.

थिएटर_सिस्टर
आबा! मलम बंद करा आणि उद्याच्या उद्या ज्यांनी बॅटरी बदलली त्यांच्याकडे जा. परवा नाही, उद्या. खपली पडल्यावर खाली करडा धातू किंवा पांढरी वायर दिसते का ते आरशात बघा. दिसली तरी किंवा नाही दिसली तरी जायचंच आहे.

नाडीतज्ज्ञ_नव्हे
आबा, सिस्टरना शंभर टक्के अनुमोदन. माझ्या वडिलांना हेच झालं होतं. आम्ही एका ठिकाणी दाखवलं तर तिथे सुई घालून पाणी काढतो म्हणाले. नशिबाने मोठ्या डॉक्टरांनी थांबवलं. पेसमेकरच्या पिशवीत, म्हणजे तो कातडीखाली ठेवतात त्या कप्प्यात, तशी सुई घालायची नसते, बाहेरचे जंतू आत ढकलले जातात. जो कुणी हात लावेल त्याला आधी हे विचारा.

आबा_नाडी७२
अरे बापरे, मी सहज लिहिलं होतं. पण ताप नाही हो मला, खरंच. रक्ताची तपासणीही मागच्या महिन्यात नॉर्मल होती.

पेट्रीडिश
आबा, एपिडर्मिडिस ताप आणतोच असं नाही, म्हणूनच तो फसवतो. पेसमेकरची कडा कातडीतून बाहेर डोकावली की पेटी आणि हृदयात गेलेल्या वायरी, सगळंच दूषित धरतात, कारण जंतू वायरीच्या कडेने आत सरकत जातात. वेळेत गेलात तर फक्त पिशवीपुरतं असतं. उशीर झाला तर हृदयाच्या झडपेपर्यंत जातं. जाण्याआधी घरात उरलेली कुठलीही ॲन्टिबायोटिक गोळी घेऊ नका, रक्ताचे नमुने आधी जाऊ देत. थंडी वाजून ताप आला तर मात्र सकाळचीही वाट बघू नका, तडक इमर्जन्सीत.

हे शेवटचं सायलीलाही लागू. दोन आठवडे औषध बंद हे आई स्थिर आहे म्हणून. हुडहुडी भरली, गुडघा एकदम सुजला, गुंगी आली तर थांबायचं नाही.

सायली_के
पेट्रीडिश ताई, सिस्टर, खूप खूप आभार. काल रात्री आईला टाकीच्या बुळबुळीचं सांगितलं. ती लगेच म्हणाली, "मग घासून काढा ना, सांधा कशाला काढायचा?" मलाही उत्तर देता आलं नाही. घासून काढता येत नाही का? आणि औषध बंद ठेवण्याचं नीट समजलं नाही अजून.

पेट्रीडिश
आईंचा प्रश्न बरोबर नेमका आहे. घासून काढता येतं, पण लवकर. नव्या सांध्याला एखाद-दोन महिने झालेत किंवा त्रास सुरू होऊन तीन आठवडेही झालेले नाहीत, सांधा घट्ट आहे, वाहतं तोंड नाही, अशा वेळी उघडून, धुऊन, मधला प्लास्टिकचा भाग बदलून धातू तसाच ठेवतात आणि जोडीला रिफॅम्पिसिन देतात. हे एकच औषध या थरातल्या झोपलेल्या स्टॅफपर्यंत खऱ्या अर्थाने पोचतं. १९९८ साली स्वित्झर्लंडच्या गटाने छोटा पण फार महत्त्वाचा अभ्यास छापला. असे लवकर पकडलेले पेशंट, सांधा न काढता. ज्यांनी सिप्रोफ्लॉक्सॅसिनबरोबर रिफॅम्पिसिनचा कोर्स पूर्ण केला ते बाराच्या बारा बरे, नुसत्या सिप्रोवाले बारापैकी सात. पण रिफॅम्पिसिन एकटं कधीच द्यायचं नाही, जंतू काही दिवसांत त्याला दाद देईनासा होतो. वाहतं तोंड पडून काही महिने झाले की थर जुना आणि घट्ट झालेला असतो, धातू आणि हाडाच्या मधल्या फटीतही गेलेला असतो, तिथे ब्रश पोचत नाही. म्हणून सांधा काढायचा.

औषध बंद का, तर अर्धवट औषध अंगात असताना नमुना घेतला की जंतू वाढवायच्या प्लेटवर काहीच उगवत नाही. जंतू आत जिवंत, आणि रिपोर्टवर "वाढ नाही". मग कुठलं औषध द्यायचं ते अंधारात ठरवावं लागतं, आणि हे औषध कित्येक आठवडे चालतं. चुकीचं निघालं तर सगळी मेहनत वाया.

आणखी एक. छिद्राच्या तोंडावरून कापसाची काडी फिरवून नमुना देऊ नका. तिथे कातडीवरचे दहा जण भेटतात, खरा कोण ते कळत नाही. सांध्यातलं पाणी आणि ऑपरेशनच्या वेळी पाच-सहा वेगवेगळ्या जागचे तुकडे, प्रत्येक वेगळ्या डबीत, वेगळ्या हत्याराने. एकाच तुकड्यात एपिडर्मिडिस आला तर आम्हाला वाटतं कातडीवरून आला असेल. दोनांत तोच आला की मग तोच चोर. आणि प्लेटी दोन आठवडे ठेवायला सांगा. जुन्या इन्फेक्शनमधले काही स्टॅफ इतके हळू वाढतात की दुसऱ्या दिवशी प्लेट कोरी दिसते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी टाचणीच्या टोकाएवढे ठिपके येतात. मी स्वतः अशी एक प्लेट कचऱ्यात जाताना परत उचललीय.

शंटची_आई
माझ्या लेकाला डोक्यात शंट आहे, मेंदूतलं जास्तीचं पाणी पोटात सोडायची नळी. तो चार महिन्यांचा असताना त्यात एपिडर्मिडिस झाला. पहिल्या रिपोर्टवर लिहिलं होतं "बहुधा कातडीवरील जंतू, दूषित नमुना". बाळ नुसतं चिडचिडं होतं, दूध कमी पीत होतं, ताप येऊन-जाऊन. दुसऱ्यांदा पाणी काढलं, तोच जंतू. नळी काढली, बाहेर तात्पुरती पिशवी, औषध, मग नवी नळी. आज सहा वर्षांचा आहे. हे लिहिण्याचं कारण, "दूषित नमुना" वाचून आम्ही घरी निघालो होतो. एका ज्युनिअर डॉक्टरने जिन्यात गाठून सांगितलं की परत नमुना घेऊ द्या. ती मुलगी मला रोज आठवते.

मनमोकळा
शंटची आई, वाचून पोटात गलबललं. बाळाला खूप आशीर्वाद. आणि सिस्टर, मी वर जे लिहिलं ते घाईत लिहिलं, चार्नलींचं वाचल्यावर मत बदललं. "गोळ्या वाढवून बघा" हा माझा सल्ला सायलीने घेऊ नये.

श्रीरंग_दादा
मी थोडं वेगळं मांडतो. माझी आत्या ८४ ची, हृदय कमकुवत, तिच्या खुब्यात हेच झालं. भूल झेपणार नाही असं तिघांनी सांगितलं. मग नमुना घेऊन, जंतू ओळखून, त्यावर चालणारी एक गोळी कायमची चालू ठेवली. लस अधूनमधून येते, पट्टी बदलतो, ती घरातल्या घरात फिरते. तीन वर्षं झाली. म्हणजे सांधा काढणं हा एकच मार्ग असं वाचणाऱ्यांना वाटू नये.

थिएटर_सिस्टर
दादा, बरोबर लिहिलंत, हाही मार्ग आहे आणि कधीकधी तोच योग्य. पण बघा, तुमच्याकडेही आधी नमुना घेतला, जंतू ओळखला, मग गोळी. आजार गेला नाही, दाबून ठेवलाय हे माहीत असून घेतलेला निर्णय होता तो. सायलीची आई ७१ ची, चालतीफिरती, तिचं गणित वेगळं पडेल.

ऋता
दात काढायचा असेल तर कृत्रिम सांधेवाल्यांनी आधी ॲन्टिबायोटिक घ्यायचं ना? बाबांना कुणी हो म्हणतं कुणी नाही.

पेट्रीडिश
@ऋता, सांध्यासाठी सरसकट गरज नाही, आता बहुतेक ठिकाणी असंच सांगतात. कृत्रिम झडप असेल तर मात्र लागतं. त्यापेक्षा कातडी सांभाळा. पायाची चिघळलेली जखम, बेंड, सलाईनच्या जागी आलेली सूज. ऑरियस एकदा रक्तात उतरला की कृत्रिम सांधा असलेल्या दर तिघांपैकी साधारण एकाच्या सांध्यात जाऊन बसतो असं आढळलंय.

निनाद_प
हे डायलिसिसच्या नळीलाही लागू का? काकांना मानेत नळी आहे.

नाडीतज्ज्ञ_नव्हे
@निनाद_प, हो, जास्तच. काकांचं हातातलं फिस्टुला (डायलिसिससाठी जोडलेली शीर आणि धमनी) तयार झालं की नळी लवकर काढायला सांगा. तोवर डायलिसिस चालू असताना थंडी वाजली तर लगेच सांगायचं, घरी जाऊन पांघरूण नाही घ्यायचं.

सायली_के
धागा वर काढतेय, सात आठवड्यांनी. तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत म्हणून पुढचं सांगणं माझं कामच आहे.

दोन आठवडे औषधाविना काढले. फार अवघड गेले, डाग नखाएवढ्याचा रुपयाएवढा झाला. मी रोज थर्मामीटर घेऊन बसायचे. सांध्यातलं पाणी काढलं तेव्हा ते गढूळ होतं, मी सिरिंज बघितली. चौथ्या दिवशी एपिडर्मिडिस. सांधा काढला तेव्हाच्या सहापैकी चार तुकड्यांत तोच. पेट्रीडिश ताई, मी डॉक्टरांना दोन आठवडे प्लेटी ठेवणार का विचारलं तर ते हसून म्हणाले, "तुम्ही लॅबमध्ये आहात का?" आणि मग सगळं बसून समजावलं.

आता आत औषध मिसळलेल्या सिमेंटचा स्पेसर आहे, दुसऱ्या ऑपरेशनमध्ये नवा सांधा बसेपर्यंत जागा धरून ठेवायला. सहा आठवडे औषध, आधी शिरेतून मग गोळ्या. जखम पूर्ण सुकल्यावर रिफॅम्पिसिन सुरू केलं, दुसऱ्या औषधाच्या जोडीने. लघवी केशरी होईल हे मला सांगितलं होतं, मी आईला सांगायला विसरले. पहाटे पाचला तिची हाक. "सायली, आतून गंजले का गं मी?" ऑपरेशननंतर पहिल्यांदा आम्ही दोघी पोटभर हसलो. सर्जननी काढलेला सांधा दाखवला. माझी कल्पना होती हिरवंबिरवं काहीतरी असेल. चकचकीत धातू, आणि हाडाकडच्या बाजूला फक्त पुसट पांढुरका, ओला पापुद्रा. एवढाच होता तो.

थिएटर_सिस्टर
शाबास तुम्हा दोघींना. आता पावलाची हालचाल, मांडी आवळून सोडणं, दिवसातून जितक्या वेळा सांगितलंय तितक्या वेळा. पाऊल किती टेकवायचं ते सर्जन सांगतील तेवढंच. आणि रिफॅम्पिसिन चालू आहे तोवर दुसरं कुठलंही औषध, विशेषतः रक्त पातळ करायचं किंवा शुगरचं, बदललं तर डॉक्टरांच्या कानावर घाला, ते बऱ्याच औषधांचा जोर कमी करतं.

पेट्रीडिश
पापुद्र्याचं वाचून थांबले क्षणभर. मी इतकी वर्षं तो काचेवर बघते, सांध्यावर कधी बघितला नाही. आईंना नमस्कार सांग.

मनमोकळा
आबांचं काय झालं? कुणाला माहीत आहे का? सात आठवडे एक अक्षर नाही त्यांचं.

आबा_नाडी७२
आहे आहे. मुलगा लिहून घेतोय, मी सांगतोय, उजवा हात अजून जास्त उचलायचा नाही.

सिस्टर ओरडल्या त्याच रात्री आरशासमोर उभा राहिलो, खपली हळूच ओली करून काढली. आत करडं काहीतरी चमकलं, तांदळाच्या कणीएवढं. माझाच पेसमेकर माझ्याकडे बघत होता. सकाळी गेलो. रक्ताचे नमुने आधी घेतले, मग झडपांची तपासणी अन्ननलिकेतून सोनोग्राफीची नळी घालून, झडपा स्वच्छ निघाल्या. पेटी आणि दोन्ही वायरी काढल्या, जुन्या वायरी शिरेला चिकटल्या होत्या म्हणून वेळ लागला. मधले दिवस बाहेरच्या तात्पुरत्या यंत्रावर. रक्ताची कल्चर (जंतू वाढतो का बघायची तपासणी) स्वच्छ राहिली तेव्हा उजव्या बाजूला नवा बसवला, त्याला औषध लावलेल्या जाळीच्या पिशवीत घालून. डॉक्टर म्हणाले २०१९ मध्ये जवळजवळ सात हजार लोकांवर या पिशवीचा अभ्यास झाला, बॅटरी बदलणाऱ्यांसारख्या जास्त धोक्याच्या लोकांत मोठं इन्फेक्शन १.२ टक्क्यांवरून ०.७ वर आलं. पिशवी पुढे विरघळून जाते.

लार्सनचं वाचन चालू आहे. मुलाने मलमाची ट्यूब टाकून दिली. सायली, आईंच्या दुसऱ्या ऑपरेशनची तारीख ठरली की इथेच लिही, मी वाट बघतोय.

सायली_के
आबा!! तुमचं वाचून आईला मोठ्याने वाचून दाखवलं. सीआरपी (रक्तातला सूज दाखवणारा आकडा) उतरतोय, अजून दोन तपासण्या नीट आल्या की तारीख. ती विचारतेय, लार्सनच्या बायकोचं नाव काय होतं?

आबा_नाडी७२
एल्स-मारी.